आडवी रेघ

प्रत लावणे ही गोष्ट नाशिक जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. लासलगावच्या बाजारात कांद्याचा ढीग ओतला की मोठा कांदा वेगळा, मध्यम वेगळा आणि गोल्टी वेगळी. द्राक्षांच्या हंगामात बायका कात्री घेऊन बसतात, घडातले बारीक आणि डागी मणी काढून टाकतात. युरोपला जाणारा माल एका पेटीत पडतो, गावच्या बाजाराचा दुसऱ्या क्रेटमध्ये. भाव वेगवेगळा मिळतो आणि त्याबद्दल कोणी फारशी कुरकुर करीत नाही. कारण गोल्टी कांदा शेतातच गोल्टी झालेला असतो. लागण दाट झाली, पाणी कमी पडले, जमीन हलकी निघाली, असे काही तरी कारण असते. चांगला पोसलेला कांदा हातात घेऊन, तो चाकूने तासून, मुद्दाम त्याची गोल्टी करणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. पाहिला असता तर आपण सगळ्यांनी मिळून त्याला वेड्यात काढले असते.

मोटारींच्या व्यापारात मात्र असे घडते, आणि ते करणारे लोक वेडे नसतात. चांगले हुशार असतात. ते जे करतात त्याला नुसता व्यापार म्हणायचे की आणखी काही, हा प्रश्न गेले काही दिवस माझ्या मनात घोळतो आहे.

त्याला निमित्त झाला माझा भाचा. निफाडकडे माझ्या भावाची द्राक्षबाग आहे. दोन हंगाम बरे गेले, तेव्हा घरात गाडीचे वारे वाहू लागले. दसऱ्याच्या आधी हा मुलगा दोन माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आला. एक घ्यायच्या गाडीचे, दुसरे नुसते पाहायच्या गाडीचे! दुसरीची किंमत कोटीच्या पुढे होती, पण पाहायला पैसे पडत नाहीत. दोन्ही पत्रकांत एकेक लांबच लांब कोष्टक होते. वर गाडीच्या प्रतींची नावे: खालचे बेस मॉडेल, मधली दोन-तीन, आणि शेवटी टॉप मॉडेल. डाव्या बाजूला एकेका सोयीचे नाव. जी सोय ज्या प्रतीत आहे तेथे बरोबरची खूण, नाही तेथे आडवी रेघ.

“आत्या, तू कादंबऱ्या लिहितेस, तुला बारकावे कळतात,” तो म्हणाला. “या सगळ्यांत खरा फरक काय आहे तेवढे सांग.”

शाळामास्तरणीला कोष्टकाची भीती वाटत नाही. निम्मे आयुष्य निकालपत्रके भरण्यात जाते. मी चष्मा लावला आणि बरोबरच्या खुणा सोडून आडव्या रेघाच वाचू लागले. नापास मुलांची नावे आधी पाहायची सवय! थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की या सगळ्या रेघा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचे कूळ एक नाही. त्या तीन जातींच्या आहेत.

पहिली जात सरळ आहे. तिच्यासाठी त्या पाहायच्या गाडीचेच उदाहरण घेऊ. २००२ साली दोन गाड्या बाजारात आल्या. एक आपल्या नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात तयार होऊ लागली; ती स्कॉर्पिओ. दुसरी जर्मनीतल्या पोर्शे कंपनीची कायेन. तोवर पोर्शेचे नाव बसक्या, शर्यतीच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध होते. तिने कुटुंबाला पुरेल अशी उंच, दणकट एसयूव्ही काढावी आणि तिला शर्यतीच्या गाडीचा वेग द्यावा, हे तिच्या जुन्या भक्तांना रुचले नाही. पण गाडी खपली, आणि पुढे कंपनीचा मोठा आधार झाली. पहिल्याने तिच्या प्रती दोन: एस आणि टर्बो. दोहोंचे इंजिन साडेचार लिटरचे, आठ सिलिंडरांचे. एसची शक्ती ३४० अश्वशक्ती, टर्बोची ४५०. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला एसला ७.२ सेकंद लागत, टर्बोला ५.६. म्हणजे फरक १.६ सेकंदांचा. हजेरी घेताना एक मूल उठून ‘हजर’ म्हणते, तेवढा हा वेळ. जास्तीत जास्त वेग एसचा ताशी २४२ किलोमीटर, टर्बोचा २६६. आपल्या इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना मुभा आहे १२० ची. तेव्हा दोन्ही प्रतींची निम्मी तलवार कायद्यानेच म्यानात राहायची.

तरीसुद्धा या रेघेला मी नावे ठेवणार नाही. टर्बोमध्ये इंजिनात हवा दाबून भरणारी जास्तीची यंत्रे आहेत. ती कोणी तरी घडवली, बसवली, तपासली. जास्त माल आणि जास्त श्रम, म्हणून जास्त दाम. येवल्याची पैठणी घेणारी बाई हेच करते. बारीक नक्षीच्या पदरासाठी विणकराचे जास्त दिवस मोडतात, त्याचे ती पैसे मोजते. तिला त्या पदराची गरज आहे का, हा प्रश्न तिचा आणि तिच्या पर्सचा. हा मोठा कांदा मुळातच मोठा आहे.

दुसऱ्या जातीची रेघ हौसेची. वरच्या प्रतीत कातडी बैठक, रंग बदलणारे दिवे, दारावर चकचकीत पट्टी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागच्या बाजूला प्रत सांगणारी अक्षरे. ही अक्षरे म्हणजे गाडीचे कुंकूच. गॅरेजांच्या गल्लीत थोडक्या पैशांत वरच्या प्रतीची अक्षरे मिळतात आणि ती खालच्या प्रतीच्या गाडीवर चिकटवून मिरवणारे वीर आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. उलट काही श्रीमंत असे की ते कारखान्यालाच सांगतात, माझ्या गाडीवरची अक्षरे काढून टाका. एकाला नसलेले दाखवायचे आहे, दुसऱ्याला असलेले झाकायचे आहे. दोघेही आपापल्या परीने सुखी आहेत. सणासुदीच्या दिवसांत इतरांच्या हौसेवर टीका करू नये.

खरा प्रश्न तिसऱ्या रेघेचा आहे.

झ्यूल द्यूप्वी नावाचा एक फ्रेंच इंजिनियर १८०४ ते १८६६ या काळात होऊन गेला. रस्ते आणि पूल बांधता बांधता त्याला भाड्याच्या आणि टोलाच्या हिशेबाचा नाद लागला. त्याच्या काळी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे आणि बाके नुसत्या लाकडी फळ्यांची असत. लोक म्हणत, कंपनी कद्रू आहे. चार पैसे वाचवते. १८४९ साली द्यूप्वीने दाखवून दिले की गोष्ट तशी नाही. छपराला येणारा खर्च अगदी किरकोळ. छप्पर घातले नाही ते अशासाठी की ज्याला दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये. पाऊस पडायचा गरिबाच्या डोक्यावर, पण भीती घालायची ती मधल्या वर्गातल्या माणसाला. गरिबाशी कंपनीचे वैर मुळीच नव्हते. तो नुसता दाखवायला भिजत ठेवलेला होता.

हे वाचले तेव्हा मला तासलेला कांदा प्रथम दिसला. तिसरी रेघ ती हीच: देणे कठीण नाही, महाग नाही, कधी कधी तर वस्तू आत बसवलेलीही आहे, आणि तरी अडवून धरलेली आहे.

‘आत बसवलेली’ हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या टेस्ला कंपनीने आपल्या महागड्या विजेच्या गाड्यांची एक त्यातल्या त्यात स्वस्त प्रत काढली. त्यांत मॉडेल एक्स ही एसयूव्हीही होती. प्रतीचे नाव ६०. पण बसवलेली बॅटरी ७५ किलोवॅट-तासांची. वरची शक्ती संगणकाच्या आज्ञेने कुलपात. ज्याने मागाहून जास्त पैसे भरले त्याचे कुलूप दूरवरून उघडत असे. गाडीला हात लावण्याचेही कारण नसे. पुढच्या वर्षी सप्टेंबरात फ्लोरिडावर इर्मा हे चक्रीवादळ चालून आले. लाखो लोक घरे सोडून निघाले. तेव्हा कंपनीने त्या भागातल्या अशा गाड्यांची कुलपे काही दिवसांपुरती उघडली, आणि त्या एका दमात सुमारे ५० ते ६० किलोमीटर जास्त जाऊ लागल्या. कंपनीची वाहवा झाली, ती योग्यच होती. पण त्या रात्री वादळापुढे पळणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या मनात हेही आले असेल की, अरे, हे माझ्याच गाडीत होते तर!

येथे कोणी समंजस वाचक मला थांबवील. तो म्हणेल, “बाई, तुम्ही एकच बाजू मांडता. कुलूप घातले नसते तर कंपनीने ती गाडी स्वस्त विकलीच नसती. वरच्या प्रतीवाला जास्त देतो म्हणून खालच्या प्रतीवाल्याला थोडक्यात मिळते. पायऱ्या मोडल्या तर चढणार कोण?”

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला इतिहासाची साक्षही आहे. हेन्री फोर्डने १९०८ पासून १९२७ पर्यंत एकच मॉडेल टी विकले. १९१४ पासून कित्येक वर्षे तर तेही फक्त काळ्या रंगात. सगळ्यांना एकच गाडी! ८५० डॉलरांवरून तिची किंमत त्याने ३०० डॉलरांच्या खाली आणली आणि दीड कोटी गाड्या विकल्या. समतेचे याहून मोठे यंत्र दुसरे नव्हते. तरी शेवटी लोक कंटाळले. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत पायऱ्या बांधल्या, प्रत्येक खिशाला एक गाडी ठेवली, आणि फोर्डला आपली मॉडेल टी बंद करावी लागली. माणसाला शेजाऱ्यापेक्षा निराळे व्हायचे असते. ही इच्छा मला स्वतःलाही आहे. नाही तर मी कादंबऱ्या कशाला लिहिल्या असत्या?

तेव्हा प्रती असूच नयेत असे मला म्हणायचे नाही. अडवून ठेवणे प्रत्येक वेळी पाप आहे, असेही नाही. थंडीत बैठक ऊबदार करणारी तार एकाला मिळाली आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरा शाल पांघरील. पण कोणत्याही आडव्या रेघेला दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला: जे नाही त्यावाचून माणसाचा जीव किंवा मान धोक्यात येतो काय? दुसरा: वरच्याचे सुख त्याला जे मिळाले त्यात आहे, की खालच्याला मिळाले नाही यात? दोहोंपैकी एकाचेही उत्तर वाईट आले, तर ती रेघ व्यापाराची राहत नाही.

पहिला प्रश्न एअरबॅगला विचारून पाहा. २०१९ पूर्वी आपल्याकडील कित्येक गाड्यांच्या सर्वांत स्वस्त प्रतीत एकही एअरबॅग नसे. वरच्या प्रतीत असे. म्हणजे तीच गाडी, तोच रस्ता, तोच ट्रक समोरून येणार. पण एकाच्या छातीपुढे पिशवी फुगणार आणि दुसऱ्याच्या पुढे आडवी रेघ. हे छप्परच की! शेवटी कायद्याला मध्ये पडावे लागले. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ सालात शेजारच्या बैठकीचीही. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सहा एअरबॅगांचा मसुदा काढला. सप्टेंबर २०२३ मध्ये परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी ती सक्ती करणार नाही असे सांगितले. काही कंपन्यांनी तोवर आपण होऊन त्या सगळ्या प्रतींत घातल्या, काहींनी नाही. पुढच्या दोन पिशव्या पुढच्या दोघांना वाचवतात. बाजूने धडक बसली तर मागच्यांचे डोके सांभाळतात त्या खिडकीवरून पडद्यासारख्या उतरणाऱ्या पिशव्या. आणि आपल्या घरांत मागे कोण बसते? आजी आणि नातवंडे. रेघ पडते ती त्यांच्यावर.

भाच्याला मी एवढेच सांगितले, “ज्या प्रतीत जीव वाचवणाऱ्या ओळींवर एकही रेघ नाही, तेथपर्यंत चढ. मग मधले छप्पर उघडणारे असो वा नसो. तेथून वर जायचे ते हौसेने जा, पण हौस म्हणून जा.” तो हिशेब करीत परत गेला.

या बाबतीत उलट वागलेली एक कंपनी सांगितलीच पाहिजे. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा जो पट्टा आज प्रत्येक गाडीत असतो, तो १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने आणला. नील्स बोलिन या तिच्या इंजिनियरची ती कल्पना. तिचे पेटंट कंपनीकडे होते. हा पट्टा फक्त आमच्याच गाडीत, तोही फक्त वरच्या प्रतीत, असे म्हणायला तिला कोणाची आडकाठी नव्हती. तिने ते पेटंट इतर सगळ्या कारखान्यांना मोकळे केले. म्हणून आज तो पट्टा बेस मॉडेलमध्येही आहे आणि कोटीच्या गाडीतही. कोष्टकातील ही ओळ वाचताना डोळे निवतात: सगळीकडे बरोबरची खूण.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. भारतीय रेल्वेत तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला; म्हणजे त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले. नाव बदलले, पण झोपण्याची फळी लाकडीच राहिली. १९७७ मध्ये आपले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. अहमदनगरला जन्मलेला, राजापूरमधून निवडून गेलेला हा प्राध्यापक. समाजवादी माणूस म्हणजे आता पहिल्या वर्गाची गादी काढणार, असे कोणाला वाटले असेल. दंडवत्यांचे म्हणणे निराळे होते. पहिल्याला खाली आणायचे नाही, दुसऱ्याला वर आणायचे आहे. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच फोम घातला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-कलकत्ता गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. आपल्या नाशिक रोडवरून जाणारी ही गाडी आरंभी एकाच वर्गाची होती. आज तिलाही वातानुकूलित डबे आहेत. प्रती परत आल्या. पण ते दोन इंच कोणी परत काढले नाहीत. त्यांवर आजवर कोट्यवधी पाठी टेकल्या असतील, आणि पहिल्या वर्गातल्या एकाही प्रवाशाची झोप त्यामुळे मोडली नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन इंचांत आहे.

माझ्या धंद्यात ही तिसरी रेघ फार लवकर ओढली जाते. गुणांप्रमाणे तुकड्या पाडणाऱ्या एका शाळेत मी काही दिवस होते. ‘अ’ तुकडी आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत जाई, ‘ड’ तुकडी कधीच नाही. गुरुवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामीच असे, कुलूप लावलेली. ‘ड’च्या मुलांना तेथे नेऊ का, असे मी विचारले तेव्हा मिळालेले उत्तर मी विसरणार नाही. “बाई, मग ‘अ’ तुकडीत येण्यासाठी मुले अभ्यास कशाला करतील?” द्यूप्वीचे नाव त्या गृहस्थांनी ऐकले असण्याचा संभव नाही. तरी त्यांनी बिनछपराचा डबा बरोबर ओळखून बांधला होता. ‘ड’मधली एक मुलगी मधल्या सुट्टीत खिडकीच्या जाळीला नाक लावून आतल्या काचेच्या नळ्या पाहत उभी राही. मोटारीची रेघ फार तर आठ-दहा वर्षे टिकते. गाडी विकली की संपली. मुलाच्या मनावर ओढलेली रेघ ते मूल पुढे स्वतःच गिरवीत राहते. त्याला सांगावे लागत नाही. कोणतीही चांगली वस्तू दिसली की ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ते आपोआप म्हणते.

आणि वरच्या प्रतीच्या मुलाचे तरी काय भले झाले? त्याला नळीत रंग बदलताना पाहण्याचा आनंद शिकवायचा होता. आपण त्याला शिकवले ते बाहेर कोणी तरी उभे असण्याचा आनंद.

घरोघर फराळाचे डबे भरले जात असतील. डॉक्टरांकडे, साहेबांकडे जायचा सुक्या मेव्याचा डबा निराळा. सोसायटीच्या वॉचमनचा, भांडी घासणाऱ्या मावशींचा, कचरा नेणाऱ्या दादाचा निराळा. त्यात वाईट काही नाही. काजू महाग आहेत आणि घराचे अंदाजपत्रक बाईलाच ठाऊक. मावशींच्या चिवड्यात काजूऐवजी शेंगदाणे पडले तर ती पहिल्या जातीची रेघ; कोणी मनाला लावून घेणार नाही. पण त्यांच्या डब्यात मोडलेल्या चकल्या, मऊ पडलेली शेव आणि कोणाकडून तरी आलेली, आपल्याला नको असलेली मिठाई जात असेल, तर हात क्षणभर थांबावा. आख्ख्या चकल्या त्याच परातीत आहेत. त्या घालायला एक पैसाही जास्त पडणार नाही.